पट्टी पूर्ण वर्षाची, पाणी आठवड्यातून एकदा

दुकानदाराने किलोला नऊशे ग्रॅम तोलले तर वजनमापे खात्याचा निरीक्षक त्याच्यावर खटला भरतो, आणि ते योग्यच आहे. मात्र महानगरपालिका वर्षाची पाणीपट्टी पूर्ण घेते आणि पाणी आठवड्यातून एकदा देते. या मापाची तपासणी कोणी करायची, असा आमचा साधा प्रश्न आहे.

औरंगाबादचे उदाहरण घेऊ. २०२३ पासून या शहराचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. शहराला पाणी येते ते सुमारे ५० किलोमीटरवरच्या जायकवाडीहून. त्यासाठी समांतर जलवाहिनीचे काम खाजगी कंपनीकडे देण्यात आले आणि २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा तिच्या हाती गेला. दरवर्षी १० टक्के पाणीपट्टीवाढही मान्य झाली. २०१६ मध्ये महापालिकेने तो करार रद्द केला. कंपनी गेली, वाढलेले दर मात्र राहिले. घरगुती अर्धा इंची नळाची वार्षिक पट्टी ४,०५० रुपयांवर पोहोचली. पाच-सहा दिवसांनी, उन्हाळ्यात काही वस्त्यांत त्याहूनही उशिरा पाणी येत असताना ही पट्टी भरावी लागत होती.

व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब करा. आठवड्याला एकदा म्हणजे वर्षात ५२ पाळ्या. एका पाळीला सुमारे ७८ रुपये पडले, आणि त्या पाळीत तासभर तरी नळ चालेल याची हमी नाही. उरलेल्या दिवसांसाठी टँकर वेगळा. २०२२ मध्ये लोकांची ओरड वाढल्यावर ही पट्टी निम्मी, म्हणजे २,०२५ रुपये करण्यात आली. आमच्या मते हा उपकार नव्हता. माप कमी होते याची ती कबुलीच होती.

२०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला आणि ठरलेली मुदतही टळली. ज्या शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर खोदून पाणी आणले, त्या शहरात ही अवस्था आहे. (पाणचक्की पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि घरी येऊन टँकरवाल्याची वाट पाहतो.)

पाण्याची झळ सर्वांना आहे, पण कारागिराला ती दुहेरी बसते. सूत रंगवणाऱ्याला, हॉटेलवाल्याला, मटण विकणाऱ्याला पाण्याशिवाय धंदाच करता येत नाही. टँकरचा खर्च मालाच्या किमतीत चढवावा तर गिऱ्हाईक तुटते, न चढवावा तर मजुरी तुटते. त्यात घराच्या पुढच्या खोलीत एक माग किंवा शिलाई मशीन दिसले की ती जागा व्यावसायिक ठरण्याची भीती असते, आणि व्यावसायिक मालमत्तेचा दर घरगुतीपेक्षा जास्त असतो. मोठे शोरूम आणि दहा फुटांची खोली एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही.

जकात गेली तेव्हा व्यापारी वर्गाने समाधान व्यक्त केले. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. नाक्यावरचा त्रास संपला हे खरे. पण महापालिकेच्या हातात स्वतःचे उत्पन्न उरले ते मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि निरनिराळी शुल्के. बाकी भिस्त सरकारी अनुदानावर. तेव्हा वाढ होणार ती याच बिलांत, हे गृहीत धरूनच चालावे लागेल. शिवाय एप्रिल २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. वॉर्डाची तक्रार सभागृहात मांडणारा कोणी नव्हता.

आपल्यातील काहीजण मुख्य वाहिनीला मोटार लावतात, काहीजण वर्षानुवर्षे थकबाकी ठेवून माफीची वाट पाहतात. त्याचे ओझे नियमित भरणाऱ्या शेजाऱ्यावर पडते, म्हणून आम्ही त्यांची बाजू घेणार नाही. थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते हेही अशांनी ध्यानात घ्यावे.

आम्ही दरवाढीला सरसकट विरोध करत नाही. जितके दिवस पाणी तितकी पट्टी, पाणीपट्टीचा जमाखर्च दरवर्षी जाहीर, आणि घरातल्या लहान कारखान्याला वेगळा, सौम्य दर, एवढेच आमचे मागणे आहे. कराचे दर २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात. मार्चमध्ये बिल हाती आल्यावर मोर्चा काढून काय होणार? व्यापारी संघटनांनी डिसेंबर-जानेवारीतच लेखी निवेदन द्यावे. कर आकारणीची नोटीस आली तर तीत दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवून पोच घ्यावी; तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाही. आणि प्रत्येक दुकानात उधारीच्या वहीशेजारी आणखी एक वही असावी. तीत नळाला पाणी कोणत्या तारखेला, किती वेळ आले आणि टँकरला किती दिले, एवढे लिहून ठेवावे. गल्लीतल्या वीस दुकानांच्या अशा वह्या निवेदनासोबत जोडल्या, तर वॉर्ड कार्यालयाला उत्तर द्यावेच लागेल.