गायनाचा तास कोणासाठीं?

“गायनाच्या तासानें मुलाला परीक्षेंत किती गुण मिळणार?” असें पालक आम्हांस पुष्कळदां विचारतात, आणि “माझा आवाज गोड नाहीं, मला या तासाला सुटी द्या,” अशी विनंती विद्यार्थीही करितात. रनाळ्यासारख्या गांवीं मुलाच्या शिक्षणासाठीं घरच्यांना कष्ट पडतात. म्हणून हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाहीं. त्याचें उत्तर मात्र थोडें दुरून देतों.

सिंफनी म्हणजे अनेक वाद्यांनीं मिळून वाजवावयाची, बहुधा चार खंडांची दीर्घ रचना. बीथोवेन या जर्मन संगीतकाराची नववी सिंफनी ता. ७ मे १८२४ रोजीं व्हिएन्ना येथें प्रथम झाली. तिला व्हायोलिनच्या कुळांतील तंतुवाद्यें, बांसऱ्या, सनईसारखा दुहेरी पत्तीचा ओबो, पितळी शिंगें व कर्णे आणि नगारे लागतात. शिवाय चार प्रमुख गायक आणि स्त्रीपुरुषांच्या उंच व खालच्या अशा चार आवाजांचा मोठा गायनवृंद लागतो. पण नवल हें कीं, हा वृंद पहिले तीन खंड एक शब्दही गात नाहीं. झांजा, त्रिकोण व मोठा ढोल हेही चौथ्या खंडांतच वाजतात. तोंवर ते वादक स्वस्थ राहतात. आणि आपली वेळ आली म्हणजे मात्रेचीही चूक न करितां सुरुवात करितात.

ता. १२ सप्टेंबर १९१० रोजीं म्यूनिक येथें मालर यांची आठवी सिंफनी झाली, तेव्हां गाणारे-वाजविणारे मिळून हजारांवर होते. त्यांत लहान मुलांचा स्वतंत्र वृंद होता, आणि आपल्या परिचयाच्या पेटीच्या कुळांतील हार्मोनियमही होती!

हें परदेशांतच घडतें असें नाहीं. गोमंतकांतील माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चमधील गायनवृंदाच्या प्रमुखाचे पुत्र. त्यांनीं १९५८ सालीं मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेजांत ११० वादक एकत्र आणून भारतीय रागांवर रचलेलें संगीत सादर केलें. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. या कार्याचें मूळ गांवांतील गायनशिक्षणांतच होतें.

एकट्यानें गाण्यास गोड गळा हवा, हें खरें. परंतु शेंकडोंमध्यें गाण्यास दुसऱ्याचें ऐकणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें आणि शेजाऱ्याहून मोठ्यानें न ओरडणें, हे गुण हवेत. आणि ते शिकवितां येतात. सातपुड्यांतील होळीस ढोलाच्या ठेक्यावर शेंकडों पावलें एकदम पडतात, तींही याच शिस्तीनें.

म्हणून पालकहो, गायनाचा तास गोड गळ्याच्या चार मुलांसाठीं नाहीं. तो उरलेल्या सर्वांसाठींच अधिक आहे. गुणपत्रिकेंत त्याला रकाना नसेल. तरी आपल्या मुलाला त्यांतून उठवूं नका, एवढीच आमची विनंती.