चिलखत की पिंजरा?

मैत्रिणींनो, ओतूरच्या बाजारात वेताची टोपली दिसली, की मला शकुंतला कुलकर्णी आठवतात. १९५० साली धारवाडला जन्मलेल्या, जे. जे. आणि बडोद्याला शिकलेल्या या मुंबईच्या कलावंत. साठीच्या आसपास त्यांनी वेताची चिलखतं घडवली, स्वतः अंगात घातली आणि मुंबईत चारचौघांत उभं राहून फोटो काढून घेतले. पुढे २०१९ साली व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात भारताच्या दालनात त्यांचं काम होतं. २०२४ मध्ये पॅरिसला दिओरच्या फॅशन शोमध्येही त्यांच्या वेताच्या आकृती उभ्या राहिल्या.

चिलखत रक्षण करतं खरं, पण ते घालून मोकळेपणी वावरता येतं का? आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी संध्याकाळच्या एस.टी.च्या धास्तीनं लेकीचं कॉलेजच बंद केलं. काळजी खरीच होती. पण शिक्षा कुणाला झाली? लेकीला!

"अंधाराच्या आत घरी ये," हे आपण सगळ्याच म्हणतो. मग त्या अंधाराचंही बघू या की! पुढच्या ग्रामसभेला जाऊन रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय आपणच काढू या. येताय ना?