आराखडा गावाचा, यादी कुणाची?

मैत्रिणींनो,

महिला सभेची एक वही आठवते. तिच्यात त्रेचाळीस सह्या आणि अंगठे होते. सभेला प्रत्यक्षात आल्या होत्या अकरा बायका. मला हे ठाऊक आहे, कारण त्या सभेला मी हजर होते. उरलेले बत्तीस सह्या-अंगठे ग्रामपंचायतीच्या शिपायाने दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून आणले. कुणाला सांगितलं रेशनचं आहे, कुणाला काहीच सांगितलं नाही. त्या वहीच्या आधारे गावाच्या विकास आराखड्यात ‘महिलांची मागणी’ म्हणून दोन कामं लिहिली गेली. एक शिलाई प्रशिक्षण आणि दुसरं देवळापुढे पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉक महिलांसाठी कसे? तर बायका तिथे भजनाला बसतात म्हणून!

गाव मराठवाड्यातलं आहे. नाव देत नाही, कारण हे त्या एकाच गावाचं दुखणं नाही. तुमच्यापैकी अनेकींनी अशा वह्या पाहिल्या असतील. काहींनी त्यावर सह्याही केल्या असतील.

आराखड्याचा हा विषय आपल्या चळवळीने आजवर जरा दूरच ठेवला. आपण हुंडा, मारहाण, पोटगी, दारूबंदी यांसाठी मोर्चे काढले. ग्रामपंचायतीचे हिशेब म्हणजे पुरुषांचं राजकारण, असं आपल्याही मनात कुठेतरी होतं. वास्तविक २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने प्रत्येक गावाने स्वतःचा आराखडा करायचा असं ठरलं. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांच्या निधीतला साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला, उरलेला गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा होता. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे, हा नियम आहे. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागाही बायकांच्या आहेत.

म्हणजे कायदा आहे, पैसा आहे, खुर्चीही आहे. मग अडतं कुठे?

‘बायका येतच नाहीत हो,’ हे उत्तर ग्रामसेवकाकडून ऐकायची सवय आहे. लाज वाटते सांगायला, पण आमच्या गटाच्या बैठकीतही मी हेच वाक्य ऐकलं, आणि एकदा स्वतः बोललेसुद्धा. मग आम्ही बसून विचार केला. सभा कधी असते? सकाळी अकराला. त्या वेळी बाई कुठे असते? दुसऱ्याच्या रानात खुरपायला. सभेला यायचं तर दिवसाची मजुरी बुडवायची. सभा कुठे असते? मारुतीच्या देवळाच्या मंडपात. तिथे बौद्ध वस्तीतल्या बायका पायरीपाशी उभ्या राहतात, आणि पाळी आलेली कुठलीच बाई फिरकत नाही. अशा वेळी, अशा जागी सभा ठेवायची आणि बायकांना जागृती नाही म्हणायचं! जागृती नेमकी कुणाला नव्हती?

आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती सगळ्यांत महत्त्वाची. आराखड्याची देशभरची मोहीम २०१८ मध्ये सुरू झाली ती २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात. आमच्या भागात हे महिने म्हणजे निम्मं गाव रिकामं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरतात, कोयते निघतात, ते थेट चैत्रात परततात. गाव आपलं भविष्य ठरवायला बसतं तेव्हा ज्यांची गरज सर्वांत मोठी, त्या फडात असतात. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातले जे कमी असतील तेवढे लागतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला ती अट राहत नाही. चार-सहा जणांत गाव ‘एकमताने’ मंजुरी देतं.

मग पुढच्या वर्षी आम्ही क्रम उलटा केला. ग्रामसभेची वाट न पाहता भाद्रपदातच, गाड्या भरायच्या आत, वस्तीवस्तीवर बसलो. रात्रीची जेवणं झाल्यावर, हापशापाशी, अंगणवाडीच्या ओट्यावर, तांड्यावर. चार ठिकाणी चार बैठका झाल्या. जमिनीवर रांगोळीने गाव काढलं. पाणी कुठून आणतो, दिवसात किती वेळ जातो, अंधार पडल्यावर कुठल्या वाटेने जायची भीती वाटते, हे बायकांनीच खडे ठेवून दाखवलं. एकट्या राहणाऱ्या बायकांची घरं वेगळ्या रंगाने काढली. सरकारी यादीत त्या कुणाच्या तरी घरात ‘कुटुंबातील सदस्य’ होत्या.

शिलाई मशीन एकीनेही मागितलं नाही. तोडीला जाणाऱ्यांनी मागितलं ते मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह, आणि जाण्यापूर्वी व आल्यावर बायकांची आरोग्य तपासणी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून केवढा गदारोळ झाला, चौकशी समिती नेमली गेली, हे आपण विसरलेलो नाही. बातमी मुंबईपर्यंत गेली. पण त्या बाईच्या गावच्या आराखड्यात तिच्या दुखण्यासाठी एक ओळ नव्हती. बाकीच्या मागण्या होत्या बौद्ध वस्तीपर्यंत नळाची लाइन, अंघोळीसाठी आडोसा आणि तांड्याच्या वाटेवर दिवे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. चारही वस्त्यांच्या बायका एकत्र बसल्या तेव्हा भांडण झालं. वरच्या आळीतल्या म्हणाल्या, आमच्या दारात गुडघाभर चिखल असतो, आधी रस्ता. वस्तीतली एक मावशी म्हणाली, ‘बाई, तुमच्या दारात चिखल आहे, आमच्या हंड्यात आहे.’ काही जणी उठून गेल्या. त्यांतल्या दोघी आमच्या बचत गटाच्या जुन्या कार्यकर्त्या. ‘बायका सगळ्या सारख्या’ ही आपली आवडती घोषणा. पण पाण्याची रांग लागली की जात दिसते, जमीन दिसते. हे मिटवून टाकायचं नसतं, मांडायचं असतं. शेवटी कुणाचे किती तास जातात ते मोजलं आणि पाणी पहिल्या क्रमांकावर लिहिलं. उठून गेलेल्यांपैकी एक परत आली. दुसरी अजून आमच्याशी बोलत नाही.

ग्रामसभेत यादी वाचली. सरपंच बाई खुर्चीवर होत्या, उत्तरं त्यांचे यजमान देत होते. ‘हे या निधीत बसत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेव्हा मागून एकीने विचारलं, ‘मग कशात बसतं, ते लिहून द्या.’ सभा क्षणभर गप्प झाली. त्या दिवशी पाच मागण्यांपैकी नळाची लाइन आणि आरोग्य तपासणी अशा दोनच मंजूर झाल्या. पण उरलेल्या तीन का नाकारल्या, ते कारणांसह ठरावात लिहावं लागलं. आता ते कागद घेऊन पंचायत समितीत जाता येतं. तोंडी नकाराला दाद मागता येत नाही, लेखी नकाराला मागता येते.

ही वाट नवी नाही. १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत शेतकरी महिला आघाडीने काही गावांत पूर्ण बायकांची पॅनेलं उभी केली होती. केरळमध्ये १९९६ मध्ये लोकांनी आराखडे करण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा दहा टक्के निधी बायकांच्या योजनांसाठी ठेवायचं ठरलं. पहिल्या वर्षी ते साधलं नाही, म्हणून नंतर ते बंधनकारक केलं. नुसतं आवाहन पुरत नाही, हे तिथेही कळलं आणि इथेही कळतं आहे.

म्हणून तुम्हाला विनंती. तुमच्या गावच्या महिला सभेची वही मागा, ती पाहायला मिळाली पाहिजे. त्यात तुमची सही आहे का, असेल तर ती तुम्ही कधी आणि कशासाठी केलीत, ते आठवा. गाव सोडून जाणाऱ्या बायकांची यादी त्या जाण्याआधी करा. सभेची वेळ आणि जागा बदलून मागा. मागणी तोंडी करू नका, जागा आणि अंदाजे खर्च यांसह लिहून द्या, पोच घ्या. आणि नकार मिळाला तर तोही लिहून घ्या.

त्या गावात आता दर भाद्रपदात बैठका होतात. वसतिगृह अजून झालेलं नाही. गेल्या हंगामातही मुलं आईबरोबर फडावर गेली. ठरावाची प्रत मात्र त्या बायकांपाशी आहे.

तुमच्या गावची वही काय सांगते, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.

तुमची,
संपादक