अंजेरो, ज्वारी आणि भाड्याची खोली

सोमालिया म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. दुष्काळ आणि समुद्री चाचे. दोन्ही खोट्या नाहीत. २०११च्या दुष्काळात तिथं सुमारे अडीच लाख माणसं दगावली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती. पण तेवढ्यावर एखाद्या समाजाची ओळख आटोपायची का? माझं मत असं की सोमाली माणसाची ओळख त्याच्या सकाळच्या तव्यापासून करून घ्यावी. ते घरबसल्या जमण्यासारखं आहे.

सोमाली घरात न्याहारीला अंजेरो होतो. उत्तर भागात त्यालाच लहोह म्हणतात. इथिओपियाच्या इंजेराचा हा भाऊबंद, पण आकारानं लहान. घरी करायला दोन वाट्या गव्हाचं पीठ किंवा मैदा, एक वाटी ज्वारीचं पीठ, पाव चमचा यीस्ट आणि कोमट पाणी पुरे. पीठ हातानं भरपूर फेटायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वर बुडबुडे आलेले दिसतात, आंबूस वास येतो. मग मीठ घालून, पळीतून सहज ओघळेल इतकं पातळ करायचं. मध्यम आचेवर तवा तापला की मधोमध पळीभर पीठ ओतायचं आणि पळीच्या बुडानं आतून बाहेर गोल गोल फिरवत न्यायचं. वर झाकण ठेवायचं. उलटायचं नाही. वरची बाजू जाळीदार होऊन कोरडी दिसली की झालं. त्यावर तूप आणि साखर, सोबत वेलची-दालचिनीचा दुधाचा चहा. कधी तिळाचं तेल, तर कधी कांद्यावर परतलेली कलेजी.

वाचताना आंबोळी आठवली असेल, तर ती आठवण बरोबर आहे. कोकणातही पीठ असंच रात्री आंबवतात. सोमाली बाई आंबवणाला खमीर म्हणते. तिच्या तव्याचं नाव दावे आणि मुफो नावाची रोटी भाजायच्या मातीच्या भट्टीचं नाव तिनार. हे शब्द आपल्या कानाला परके वाटत नाहीत. आणखी एक धागा आहे. सोमाली मुसलमान शाफई आणि आपले कोकणी मुसलमानही शाफई. दोघांच्या मध्ये एकच समुद्र आहे आणि व्यापारी गलबतं तो शेकडो वर्षं ओलांडत होती.

ज्वारीची गोष्ट तर याहून जुनी. जिला आपण मराठी मातीचं धान्य म्हणतो, ती मूळची ईशान्य आफ्रिकेतली. पूर्व सुदानात तिच्या लागवडीचे पाच हजार वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. सोमालियात बैदोआच्या आसपासचा मुलूख आजही ज्वारीचाच आहे. सोलापूरच्या भाकरीचं आणि तिथल्या अंजेरोचं गोत एकच. १९७२च्या दुष्काळात आपल्याकडे परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. म्हणून महाराष्ट्राला कुणी कायमचं दुष्काळी ठरवलं नाही. सोमालियाला मात्र आपण सहज ठरवून टाकतो.

‘मुस्लिम खाणं’ म्हणजे बिर्याणी आणि कबाब, हा समज बाहेरच्यांचा आहे म्हणून आपण कुरकुरतो. पण तो आपणही जोपासलाय. मुसलमानाचं ताट त्याच्या जमिनीतून येतं. कोकणात तांदूळ, मराठवाड्यात भाकरी, सोमालियात अंजेरो.

हे सगळं सांगायचं कारण पुणं. तिथं बरेच सोमाली विद्यार्थी शिकायला येतात. त्यांना खोली देताना खळखळ होते. ‘त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो’, ‘हबशी लोक आहेत’, ही वाक्यं मी आपल्याच वस्तीत ऐकली आहेत. मुसलमान म्हणून फ्लॅट नाकारला गेला की आपल्याला संविधान आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. मग तेच दार आपण काळ्या रंगाच्या मुसलमानाला बंद कसं करतो? मलिक अंबर हबशीच होता. त्यानं वसवलेल्या खडकीचा, म्हणजे पुढच्या औरंगाबादचा, अभिमान सांगताना आपला आवाज चढतो. त्याच खंडातून आलेला मुलगा जिन्यात भेटला की मात्र सलामही ओठांवर येत नाही. आणि वासाचं म्हणाल तर तो आंबवलेल्या पिठाचा आहे. आपल्या आंबोळीच्या पातेल्यालाही तोच असतो.

रमजानमध्ये आपण इफ्तारला नगरसेवक, आमदार बोलावतो. फोटो निघतात, कधी पेपरात येतात. यंदा वरच्या मजल्यावरच्या त्या दोन-तीन पोरांना बोलवा. ती घरापासून हजारो किलोमीटरवर एकटी रोजा सोडतात. आणि ती उलट बोलावतील तेव्हा नक्की जा. अंजेरो उजव्या हातानं तोडून खातात, आपल्यासारखाच.