दालनाची किल्ली कोणाकडे?

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि नागपूरचे हेलपाटे थांबले. तथापि सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला गडचिरोलीही २०० किलोमीटरहून दूरच आहे. पर्लकोटेच्या पुराने तर भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा मुलखात दूरदृश्य संवादाचे सामायिक दालन ही चैन नसून निकड आहे. मात्र ते केवळ अधिकाऱ्यांच्या बैठकांपुरते उघडले जाऊ नये. कोणत्याही विभागाला आगाऊ नोंद करून वेळ मिळावी, यंत्रे हाताळणारा जाणता माणूस हजर असावा आणि तालुक्याच्या महाविद्यालयातही तसेच दालन, वीज गेल्यास पर्यायी सोयीसह, असावे. एका टोकाला सुसज्ज दालन आणि दुसऱ्या टोकाला अंधार असेल, तर संवाद व्हायचा कोणाशी?