परमुलखाची गोष्ट

परदेश पाहून आलेल्या माणसाच्या तोंडून गोष्टी बहुधा दोन प्रकारच्या निघतात. पहिल्या तिकडील रस्ते, यंत्रें व शिस्त यांच्या स्तुतीच्या. दुसऱ्या तिकडील घरसंसाराच्या निंदेच्या. पहिल्यांनीं ऐकणारास आपलें सर्वच हीन वाटूं लागतें, दुसऱ्यांनीं उगाच समाधान वाटतें. आणि त्या लोकांची ओळख व्हावयाची ती राहूनच जाते.

या बाबतींत पंडिता रमाबाईंचें उदाहरण मनन करण्यासारखें आहे. त्यांच्या धर्मांतराविषयीं कोणाचें कांहींही मत असो. परमुलखाची गोष्ट सांगावी कशी, हें त्यांच्यापासून शिकावें. मार्च १८८६ मध्यें डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं त्या इंग्लंडांतून फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढें अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशांत हिंडल्या.

त्यांनीं गोष्टी दोन सांगितल्या. पहिली, अमेरिकनांना हिंदुस्थानची. १८८७ सालच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी पुस्तकांत त्यांनीं उच्चवर्णीय स्त्रीचें बालपण, विवाह व वैधव्य यांचें वर्णन केलें. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन तिनें विधवांच्या शाळेस दहा वर्षें साहाय्य करण्याचें पत्करलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें.

दुसरी गोष्ट आपणांस अमेरिकेची. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें त्यांचें मराठी पुस्तक १८८९ सालींच निघालें. तेथील राज्यपद्धति, शाळा व स्त्रियांचे उद्योग यांचें त्यांनीं मनापासून कौतुक केलें. पण देशाच्या मूळ रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेला अन्याय झांकून ठेवला नाहीं. तेथील स्त्रियांना जें मिळालें तें आयतें मिळालें नाहीं, त्यासाठीं त्यांना झगडावें लागलें, हेंही त्यांनीं स्पष्ट लिहिलें. त्यामुळें वाचकास अमेरिका स्वर्ग न दिसतां माणसांचा देश दिसला.

घरचें दुःख परक्यांपुढें मांडावें काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. ज्यांस आपल्याकडील दुसरें कांहींच ठाऊक नाहीं, ते त्या एका दुःखालाच आपला सारा समाज समजण्याचा धोका असतो. यावर उपाय मौन नव्हे. उपाय हा, कीं गोष्टी अनेक मुखांनीं सांगाव्या आणि सांगणारानें दोन्ही तीरांवर एकच माप वापरावें.

आज पुष्कळ घरांतील मुलें-नातवंडें परदेशीं आहेत. त्यांस पगार व हवामान विचारून थांबूं नये. तुमच्या शेजारणीचा दिवस कसा जातो, तेथील म्हातारीं माणसें कशांत रमतात, त्या लोकांना कशाची लाज वाटते आणि कशाचा अभिमान, हें विचारावें. आणि त्यांच्या शेजाऱ्यांस सांगण्याजोगी आपल्या घरची एखादी खरी गोष्ट, गुणदोषांसकट, त्यांच्याजवळ द्यावी.