स्थळ चालून आले, पण खुब्याचे काय?

घरात दोन वर्षांची लॅब्रॅडॉर मादी असली की तिला स्थळे येऊ लागतात. बंगळूरच्या बसवनगुडीसारख्या जुन्या, एकमेकांना ओळखणाऱ्या वस्तीत तर फारच लवकर. गांधी बाजारात भाजी घेताना, बुल टेंपल रस्त्यावर सकाळी फिरताना कुत्रेवाल्या मंडळींच्या ओळखी होतात आणि एक दिवस कोणीतरी विचारतेच, "काय, यंदा पिल्ले होऊ द्यायची का? आमचा नर आहे. एक पिल्लू आमच्या पसंतीचे, बाकी सगळी तुमची." या व्यवहाराची ही जुनी रीतच आहे.

असे एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा नोकरीनिमित्त बंगळूरला आले आणि इथलेच झाले. घर जुने, लाल ऑक्साइडच्या गुळगुळीत जमिनीचे. कुत्रीला मराठी कळते आणि कन्नडही. 'बस' म्हटले की ती बसते आणि शेजारच्या अज्जींनी 'बा' म्हटले की त्यांच्याकडे धावते. मुलांना पिल्ले हवी आहेत. आजींचे म्हणणे, "बिचारीला एकदा तरी आईपण मिळू दे." ओळखीच्या चार घरांनी आधीच नंबर लावून ठेवला आहे.

अडचण एकच. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले तिचे मागचे पाय आखडल्यासारखे पडतात. जिना चढताना ती दोन्ही मागचे पाय एकदम उचलते, सशासारखी. शिवाय तिच्याच वितीतला एक भाऊ जयनगरला आहे आणि त्याच्या खुब्यात दोष असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरात मात्र सगळे म्हणतात, "घसरली असेल कुठेतरी." जमीन गुळगुळीत असल्यामुळे हे पटतेही.

पण इथेच थांबायला हवे. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींमध्ये 'हिप डिस्प्लेसिया' हा दोष पुष्कळ आढळतो. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील खोबणीत नीट बसले पाहिजे. खोबण उथळ असली किंवा सांधा सैल राहिला, तर प्रत्येक पावलागणिक हाड हाडावर घासते आणि पुढे संधिवात जडतो. हा दोष आईबापांकडून येतो. मात्र तो एकाच जनुकाचा खेळ नाही. अनेक जनुके मिळून तो घडवतात आणि त्यांत खाणेपिणे, वजन, वाढीच्या वयातील व्यायाम यांची भर पडते. म्हणूनच एका वितीतली चार पिल्ले ठणठणीत आणि दोन लंगडी असे होऊ शकते. चालायला ठीक दिसणाऱ्या कुत्रीचे सांधेही आतून बिघडलेले असू शकतात.

त्यामुळे निर्णय डोळ्यांनी पाहून घेता येत नाही, एक्स-रे काढावा लागतो. कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन उताणे झोपवतात आणि मागचे पाय सरळ ताणून छायाचित्र घेतात. अमेरिकेत १९६६ पासून काम करणारी एक संस्था अशी छायाचित्रे तपासून खुब्यांना श्रेणी देते, पण अंतिम दाखला कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय देत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला शून्य ते ५३ गुण देतात. दोन्ही मिळून १०६. इथे गुण जितके कमी तितके चांगले. परीक्षेत जास्त गुण मिळवण्याची सवय असलेल्या आपल्या घरांना हे समजावून सांगावे लागते! हाडांच्या एक्स-रेची सवय असलेल्या पशुवैद्याकडून ही तपासणी बंगळूरमध्येही करून घेता येते. हेब्बाळला १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

जोडी लावताना आपण बहुधा कागद पाहतो. केनेल क्लबचे प्रमाणपत्र आहे, आजोबा-पणजोबांची नावे आहेत, म्हणजे सगळे उत्तम अशी समजूत असते. पण त्या कागदावर वंशावळ असते, खुब्यांचा हिशेब नसतो. मुलीचे लग्न ठरवताना आपण जशी घराण्याची चौकशी करतो, तशीच इथे करायला हवी आणि ती सुद्धा नुसत्या नावांची नव्हे. आई कितव्या वर्षी लंगडू लागली? भावंडे कशी आहेत? मागच्या वितीतील पिल्ले आज कुठे आहेत? जयनगरचा भाऊ हा या घरासाठी सर्वांत मोलाचा पुरावा आहे, आणि नेमका तोच बाजूला सारला जात आहे.

सगळेच आनुवंशिक दोष असे गुंतागुंतीचे नसतात, हेही सांगायला हवे. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्यांचा एक विकार आढळतो. त्यात नेत्रपटल हळूहळू झिजते, आधी रात्रीचे दिसेनासे होते आणि मग दृष्टी जाते. तो पिल्लूपणी कळत नाही, काही वर्षांनी उघड होतो. तोपर्यंत मादी एक-दोनदा व्यालेली असू शकते. पण त्याचा एक नेहमीचा प्रकार एकाच जनुकावर अवलंबून आहे आणि गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावरून डीएनए तपासणीत तो कळतो. हे जनुक आईकडून आणि बापाकडून असे दोन्हीकडून आले तरच आंधळेपणा येतो. एकीकडूनच आले, तर कुत्रा नुसता वाहक राहतो. दोन वाहकांची जोडी लावली, तर सरासरी चार पिल्लांमागे एक आंधळे होणार. वाहक मादीला पूर्ण निर्दोष नर मिळाला, तर एकही पिल्लू आंधळे होणार नाही, निम्मी फक्त वाहक निघतील. म्हणजे इथे तपासणी कधी कधी 'करा' असेही सांगते. खुब्यांच्या बाबतीत ती सोय नाही. निर्दोष नर आणला तरी मादीचा दोष पुसला जात नाही, धोका थोडा कमी होतो इतकेच.

आजींच्या म्हणण्याकडे यावे लागेल, कारण घरोघरी शेवटचा शब्द त्यांचाच असतो. एकदा व्यायल्याने कुत्रीची प्रकृती सुधारते या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. आईपणाची हौस हीसुद्धा आपली, तिची नव्हे. उलट खुबे दुखत असलेल्या मादीला पिल्लांचे ओझे घेऊन दोन महिने वावरावे लागते. पुढे सात-आठ पिल्लांची उठबस असते ती वेगळीच.

कायद्याचाही भाग आहे. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल आणि विक्रीबद्दल केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी १८ महिन्यांहून लहान किंवा ८ वर्षांहून मोठी नसावी, पशुवैद्याने तिला निरोगी ठरवलेले असावे, वर्षात एकाहून अधिक वीत होऊ देऊ नये, आणि ८ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकू नये. 'आम्ही कुठे धंदा करतो' असे म्हणत पिल्लामागे पैसे घेणाऱ्यांनी हे नियम एकदा वाचावेत. अर्थात त्या दिवशी निरोगी दिसणारी मादी आनुवंशिक दोषापासून मुक्त आहे, असा त्या दाखल्याचा अर्थ होत नाही.

मागणी हे पैदाशीचे कारण झाले की काय होते, ते आपण पाहिलेले आहे. २००३ मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि देशभर पगची लाट उसळली. चपट्या नाकामुळे घोरणारे, उन्हात धापा टाकणारे ते कुत्रे गोड दिसतात, पण श्वास घेण्याचा तो त्रास त्यांच्या ठेवणीतच आहे. नॉर्वेत तर अशी बाब न्यायालयात गेली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियर जातीची पैदास त्या जातीच्या आजारांमुळे प्राणी कल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली. बुलडॉगवरची बंदी मात्र टिकली नाही. आपले देशी कुत्रेही यातून सुटलेले नाहीत. तामिळनाडूच्या राजपालयम जातीत पांढऱ्या शुभ्र रंगाचा हट्ट धरला गेला आणि त्या रंगाबरोबर जन्मजात बहिरेपण येत राहिले.

बसवनगुडीच्या त्या घराने काय करावे? एक्स-रे काढावा, हे पहिले. खुबे बिघडलेले निघाले तर प्रश्नच मिटला. मधल्या श्रेणीत आले, तरी लंगडणारा भाऊ आणि सकाळचे आखडणारे पाय पाहता पिल्ले होऊ देऊ नयेत, असेच म्हणावे लागेल. नंबर लावलेल्या त्या चार घरांत पिल्लू दहा-बारा वर्षे राहणार आहे. वर्षभरात ते लंगडू लागले, तर औषधे, शस्त्रक्रिया आणि मुलांचे रडणे तिथे होणार आणि पिल्लू देणाऱ्यांना नंतर गांधी बाजारात तोंड चुकवत फिरावे लागणार.

नराच्या मालकांना कारण स्पष्ट सांगावे. ते रागावले, तर त्यांच्या नराचा एक्स-रे झाला आहे का, असे विचारायला हरकत नाही. ज्यांना कुत्रा हवाच आहे, त्यांना १९९१ पासून बंगळूरमध्ये काम करणाऱ्या 'क्यूपा'सारख्या संस्थांची वाट दाखवावी. तिथे लोकांनी सोडून दिलेले जातिवंत कुत्रेही येतात.

आणि मादीसाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर झालेला एक दीर्घ अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वितीतील भावंडांच्या जोड्या करून त्यांतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले. कमी खाणाऱ्यांचे आयुष्य ११.२ वर्षांवरून १३ वर्षांवर गेले आणि त्यांच्या खुब्यांत संधिवातही कमी दिसला. तेव्हा जेवताना टेबलाखाली सरकवली जाणारी चपाती आधी बंद करावी. लाल जमिनीवर तिच्या वाटेत जुन्या सतरंज्या अंथराव्यात, जिना शक्यतो टाळावा. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया माज संपल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी करतात. तारीख डॉक्टरांना विचारून आताच ठरवून टाकावी, म्हणजे पुढच्या माजाच्या वेळी फाटकाशी नवे स्थळ उभे राहणार नाही.